चित्ता कोणी संपवला? जहांगीरची शिकारनोंद काय सांगते

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात सोडण्यात आले. त्या आठवड्यात माझ्या फोनवर दोन प्रकारचे निरोप फिरत होते. पहिल्यात म्हटले होते, की भारतातला चित्ता मुघलांनी संपवला. अकबराने हजार चित्ते पकडून ठेवले होते. दुसऱ्या प्रकारचे निरोप आमच्या मंडळींचे होते. त्यांच्या मते मुघल बादशाह निसर्गप्रेमी होते, त्यांनी चित्त्यांना लाडाने वाढवले. चित्ता संपवला तो इंग्रजांनी आणि संस्थानिकांनी. दोन्ही निरोपांत अर्धी अर्धी खरी माहिती होती. आणि दोन्हींत एक गोष्ट समान होती, ती म्हणजे चित्ता दुसऱ्या कोणीतरी संपवला.

या वादात पडण्याची माझी इच्छा नव्हती. पण त्यानिमित्ताने ‘तुझुक-ए-जहांगिरी’ पुन्हा काढून वाचली. जहांगीरने स्वतः लिहिलेली ही रोजनिशीवजा आत्मकथा आहे. ती वाचताना लक्षात आले, की चित्ता कोणी मारला यापेक्षा अवघड प्रश्न वेगळाच आहे. एवढा देखणा, एवढा नावाजलेला प्राणी या देशातून नाहीसा होत असताना तो नाहीसा होतो आहे हे कोणाच्या लक्षात कसे आले नाही?

बादशाहाचा हिशेब

आपल्या कारकिर्दीच्या अकराव्या वर्षाच्या अखेरीस, म्हणजे १६१७च्या सुमारास, जहांगीरने एक विलक्षण हुकूम दिला. वयाच्या बाराव्या वर्षापासून आजवर, म्हणजे चांद्रवर्षांप्रमाणे पन्नाशीपर्यंत, आपल्या शिकारीत किती जनावरे पडली याचा हिशेब काढा. हे काम वाकियानवीस आणि शिकारखात्याचे कारकून यांच्याकडे आले. (मराठीतले ‘वाकनीस’ हे आडनाव याच वाकियानवीस शब्दातून आले आहे.) त्यांनी दफ्तरे चाळून आकडा सांगितला: बादशाहाच्या उपस्थितीत एकूण २८,५३२ जनावरे आणि पक्षी मारले गेले, त्यांपैकी १७,१६७ खुद्द बादशाहाच्या हातून.

पुढे तपशील येतो. ८६ शेर. ८८९ नीलगाई. ६४ लांडगे. १०,३४८ कबुतरे. ३,२७६ कावळे. घुबडे, बदके, मगरी, ससे असे सगळे वेगवेगळे मोजलेले. यातल्या ‘शेर’ शब्दापाशी अभ्यासकाला थांबावे लागते, कारण फारसीत वाघ आणि सिंह दोघांनाही हा एकच शब्द चालतो. जहांगीरच्या काळी उत्तर हिंदुस्थानात दोन्ही होते. आज भारतातला सिंह गुजरातेत, गीरच्या आसपास उरला आहे.

हा हिशेब वाचून आजच्या माणसाला शिसारी येते, आणि ती यायलाच हवी. तीन हजार कावळे मारणे हा काही पराक्रम नव्हे. पण याच माणसाने पाळलेल्या सारसांच्या जोडीला लैला आणि मजनू अशी नावे दिली होती. १६१८मध्ये अहमदाबादेत त्या जोडीने अंडी घातली, तेव्हा मादी रात्रभर अंड्यांवर बसते आणि नर जवळ उभा राहून पहारा देतो, हे त्याने टिपून ठेवले. पिल्ले किती दिवसांनी बाहेर आली तेही लिहिले. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी १९२०च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात मुघल बादशाहांच्या निसर्गनिरीक्षणावर दीर्घ लेखमाला लिहिली, ती या नोंदींचे मोल ओळखूनच.

पन्नाशीनंतर स्वतःच्या हाताने जीव मारणार नाही, असा नवस जहांगीरने बोलला होता. नातू शुजा आजारी पडला तेव्हा तो नवस त्याने पाळायला घेतला. १६१९मध्ये मथुरेजवळ एक वाघ लोकांना त्रास देत होता, तेव्हा बादशाहाने स्वतः बंदूक उचलली नाही; नूरजहाँला सांगितले आणि तिने तो एका गोळीत पाडला. नवस शाबूत राहिला, वाघ मात्र मेला. आपल्या आजच्या अनेक पर्यावरणप्रेमी संकल्पांची जात अशीच असते, असे मला हा प्रसंग वाचताना वाटते.

हजार चित्ते आणि एक बाळंतपण

आता मूळ आरोपाकडे वळू. आपल्या वडिलांकडे एके काळी हजार चित्ते होते, असे जहांगीरनेच लिहिले आहे. हे चित्ते काळवीट आणि चिंकारा यांच्या शिकारीसाठी पाळले जात. डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना बैलगाडीतून माळावर नेत, कळप दिसला की पट्टी काढून सोडत. ही मुघलांची कल्पना नव्हती. त्यांच्या आधीही हिंदुस्थानात चित्ते शिकारीसाठी पाळले जात. पण मुघलांनी तिचे प्रमाण अफाट वाढवले.

या प्रमाणातच सगळी मेख आहे. चित्ता पिंजऱ्यात किंवा साखळीला बांधून विणत नाही. अकबराने आपल्या चित्त्यांची पैदास व्हावी म्हणून प्रयत्न केले, बागेत मोकळे सोडून पाहिले, उपयोग झाला नाही. जहांगीरच्या काळात एकदा एक नर गळपट्टा सोडवून मादीपाशी गेला आणि अडीच महिन्यांनी तीन पिल्ले झाली. ही गोष्ट बादशाहाला इतकी नवलाची वाटली की त्याने ती मुद्दाम लिहून ठेवली. त्यानंतर बंदिवासातल्या चित्त्याच्या पिल्लांची नोंद मिळते ती थेट १९५६ची, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली.

म्हणजे हजार चित्त्यांचा ताफा राखायचा तर मेलेल्या प्रत्येक चित्त्याच्या जागी रानातून नवा आणावा लागणार. हा ताफा रानातून नुसता घेत राहिला, परत काहीच देत नव्हता. तेव्हा आमच्या मंडळींनी मान्य करायला हवे, की चित्त्याच्या ऱ्हासात मुघल दरबाराचा वाटा आहे आणि तो लहान नाही. ‘लाडाने वाढवले’ हे खरे असले तरी त्या लाडाने चित्ता वाढला नाही, घटला.

पण दरबारातल्या कोणाला तसे वाटले असेल का? मला शंका आहे. एखादी प्राणिजात पृथ्वीवरून कायमची नाहीशी होऊ शकते, हा विचारच तेव्हा जगात रुजलेला नव्हता. फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए याने हत्तीच्या जुन्या जीवाश्मांवरून असे प्राणी पूर्वी होते आणि आता कुठेही उरलेले नाहीत, असे पुराव्यानिशी मांडले ते १७९६मध्ये. त्याआधी श्रद्धावान माणसाला, मग तो मुसलमान असो, ख्रिस्ती असो की हिंदू, सृष्टी म्हणजे अखूट भांडार वाटे. जिने हे सगळे निर्माण केले ती शक्ती त्यातले काही संपू कसे देईल?

याचा सगळ्यात बोलका पुरावा एका चित्रात आहे. जहांगीरचा दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर याने काढलेले मानले जाणारे, १६२५च्या आसपासचे एक पक्ष्यांचे चित्र रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिताज संग्रहालयात आहे. त्यात मधोमध एक डोडो उभा आहे. मॉरिशसचा हा पक्षी जहाजातून हिंदुस्थानात आला असणार; इंग्रज प्रवासी पीटर मंडी यानेही सुरतेत डोडो पाहिल्याचे लिहिले आहे. १६६२नंतर डोडो दिसल्याची खात्रीलायक नोंद नाही. जिवंत डोडोची जी मोजकी विश्वासार्ह रंगीत चित्रे मानली जातात त्यांत मन्सूरचे हे चित्र येते. ज्याने ते काढले त्याच्या दृष्टीने मात्र ते फक्त एका नवलाच्या पाखराचे चित्र होते.

बक्षीस, संस्थानिक आणि पाहुणा चित्ता

इंग्रजांच्या काळात दृष्टी बदलली. अखूट भांडारातला काही भाग आता ‘उपद्रवी’ ठरला. वाघ, बिबटे, लांडगे मारून आणणाऱ्याला सरकार रोख बक्षीस देऊ लागले. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून काढलेला आकडा असा आहे: १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ८०,०००हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. चित्त्यावरही बक्षीस होते. त्याहून मोठा घाव बसला तो माळरानांवर. ज्या जमिनीवर झाडही नाही आणि पीकही नाही, ती ‘पडीक’ अशी महसुली समजूत पक्की झाली. काळवीट, चित्ता, माळढोक यांचे घरच कागदावर ‘पडीक’ ठरले. ही समजूत इंग्रज गेल्यावरही गेली नाही.

याच सुमारास महाराष्ट्रात काय चालले होते? कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांच्या काळापासून चित्त्यांकडून काळविटाची शिकार करण्याचा मोठा षौक होता. चित्ते सांभाळणाऱ्यांना चित्तेवान म्हणत, आणि त्यांत मुसलमान कुटुंबे होती. हे कसब पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. पण विसाव्या शतकात हिंदुस्थानी चित्ता मिळेनासा झाला, तेव्हा कोल्हापूर, भावनगर अशा दरबारांनी आफ्रिकेतून चित्ते मागवायला सुरुवात केली. शिकार चालू राहिली, गाड्या निघत राहिल्या, लोक पाहायला जमत राहिले.

मला या सगळ्या इतिहासातली ही गोष्ट सर्वांत जास्त बोचते. माळावर चित्ता धावताना दिसतो आहे, मग चित्ता संपला असे कोण म्हणेल? आफ्रिकेच्या पाहुण्याने इथल्या चित्त्याची अनुपस्थिती झाकून टाकली. ज्या पारध्यांनी आपल्या फाशांनी राजेरजवाड्यांना रानातले चित्ते धरून दिले, त्यांना रान रिकामे होत चालल्याचे सर्वांत आधी कळले असणार. पण पारधी इंग्रजांच्या कायद्याने गुन्हेगार जमात ठरवले गेले होते. त्यांना विचारायला कोण जाणार?

१९४७च्या अखेरीस, आजच्या छत्तीसगडमध्ये येणाऱ्या कोरिया संस्थानात, महाराज रामानुज प्रताप सिंह देव यांच्या रात्रीच्या शिकारीत तीन नर चित्ते मारले गेले. तिघे एका वयाचे, बहुधा एकाच विणीतले भाऊ. भारतातल्या रानटी चित्त्याची ही शेवटची पक्की नोंद मानली जाते. १९५२मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. तेव्हा ना कुठे मोर्चा निघाला, ना हळहळ झाली. मराठी मुलखात तर बिबट्यालाच सर्रास चित्ता म्हटले जाऊ लागले. प्राणी गेला आणि त्याचे नाव दुसऱ्याला चिकटले.

भरतपूरचा दगड

राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात दगडी पाट्यांवर शिकारीचे आकडे कोरलेले आहेत. त्यांतली सर्वांत मोठी नोंद १२ नोव्हेंबर १९३८ची आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारी मेळ्याने त्या एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. योगायोग असा, की १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा वाढदिवस. त्या दिवशी ते ४२ वर्षांचे झाले होते.

मुंबईच्या सुलेमानी बोहरा कुटुंबात जन्मलेले सलीम अली स्वतः शिकारी होते. लहानपणी एअरगनने चिमण्या मारत. एका घरट्यापाशी बसणारा चिमणा मारला की मादी दुसरा जोडीदार आणते, हे त्या मुलाने वहीत लिहून ठेवले आणि आठवडाभरात असे आठ नर टिपले. पिवळ्या कंठाच्या एका चिमणीची ओळख पटवण्यासाठी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत जाणे, तिथे मिलार्डसाहेबांची भेट होणे, ही पुढची गोष्ट अनेकांना माहीत आहे. मला महत्त्वाची वाटते ती चिमण्यांची वही. जहांगीरप्रमाणे हाही मारत होता आणि मोजत होता. फरक असा, की मोजता मोजता त्याचा प्रश्न बदलला. आपण किती मारले याऐवजी आता किती उरले, असे तो विचारू लागला.

स्वातंत्र्यानंतर भरतपूरचे तळे आटवून शेतीला जमीन द्यावी अशी मागणी झाली, तेव्हा सलीम अलींनी नेहरूंपर्यंत जाऊन ते वाचवले. पुढे तिथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८२मध्ये आजूबाजूच्या गावांच्या म्हशींना चराईबंदी झाली. बंदीला सलीम अलींचा पाठिंबा होता. गावकरी आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला, गोळीबारात गावकरी मेले. त्यानंतर सोसायटीच्याच शास्त्रज्ञांनी केलेल्या प्रदीर्घ अभ्यासात दिसले, की म्हशी गेल्यावर गवत माजले, पाणथळ जागा त्याने भरू लागली आणि पाणपक्ष्यांचीच अडचण झाली. बादशाह आणि व्हाइसरॉय यांच्या हिशेबाची किंमत गवळ्याने चुकवली, आणि त्यातून पक्ष्यांचेही भले झाले नाही. आपल्या थोर माणसाची ही चूक आपणच सांगितली पाहिजे. असा अभ्यास करून तो उघडपणे मांडणे, हेही मोजण्याच्या सवयीचेच फळ होते.

भरतपूर ज्या पाहुण्यासाठी प्रसिद्ध होते तो सायबेरियन क्रौंच. मन्सूरने काढलेले त्याचे चित्र कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. युरोपीय शास्त्रज्ञांनी या पक्ष्याला नाव देण्याच्या दीडशे वर्षे आधीचे. १९६०च्या दशकात भरतपूरला सुमारे २०० क्रौंच उतरत. दर हिवाळ्यात मोजणी होत होती आणि दर हिवाळ्यात आकडा उतरत होता. २००२मध्ये शेवटची जोडी दिसली. त्यानंतर हिवाळे येतात, क्रौंच येत नाहीत.

विसरणे

१९९५मध्ये डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने एक साधी गोष्ट मांडली. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी समुद्रात जेवढी मासळी पाहते, तेवढीच ‘नेहमीची’ समजते. पुढची पिढी त्याहून कमी मासळीला नेहमीची समजते. अशा रीतीने समुद्र रिकामा होतो, पण कोणत्याही एका पिढीला फार मोठे काही गमावल्यासारखे वाटत नाही.

गिधाडांचे उदाहरण घ्या. पन्नाशीच्या वाचकांना गावाबाहेर मेलेल्या ढोरावर उतरलेली गिधाडांची झुंबड आठवत असेल. आज विशीत असलेल्या मुलाला ‘गिधाडे कुठे गेली?’ हा प्रश्नच पडत नाही, कारण ती त्याने पाहिलेलीच नाहीत. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. शंभर कोटींच्या देशात हे लक्षात आणून दिले ते विभू प्रकाश यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी, कारण त्यांनी १९८०च्या दशकात भरतपूरची घरटी मोजून ठेवली होती आणि दहा वर्षांनी पुन्हा मोजली. २००४मध्ये कारण सापडले: गुराढोरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. २००६मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. पहिली मोजणी नसती तर घट सिद्धच झाली नसती.

आणि आपला माळढोक. सोलापूरजवळच्या नान्नजचे अभयारण्य १९७९मध्ये जाहीर झाले, त्याचे कागदावरचे क्षेत्र आठ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक होते. पुढे ते सुमारे बाराशेवर आले. आज देशभरात माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत, बहुतेक राजस्थानात. नान्नजला जाणाऱ्या माणसाला तो दिसेलच असे कोणी सांगू शकत नाही.

आपल्या घरातला हिशेब

पर्यावरणाचा विषय निघाला की आमच्या सभांमधून ठरावीक भाषण होते. माणूस हा पृथ्वीवरचा विश्वस्त आहे. कुराणातल्या सुरांना गाय, मधमाशी, मुंगी, कोळी, हत्ती यांची नावे आहेत. हजच्या इहराममध्ये जमिनीवरच्या प्राण्याची शिकार निषिद्ध आहे. पैगंबरांच्या काळापासून ‘हिमा’ म्हणजे राखीव कुरणांची परंपरा आहे. हे सगळे खरे आहे, आणि अभिमान वाटावा असे आहे. पण त्याच परंपरेचा वारसा सांगणारे आखाती अमीर होउबारा या माळढोकाच्या भाईबंदाची ससाण्यांकरवी शिकार करायला दर हिवाळ्यात पाकिस्तानात उतरतात. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये घातलेली बंदी काही महिन्यांतच, २०१६च्या जानेवारीत, उठली. धर्मग्रंथात काय आहे हे सांगून पक्षी वाचत नाहीत. दुसऱ्या समाजातही नद्यांना माता म्हणून नद्या वाचलेल्या नाहीत.

चित्ता मुघलांनी संपवला की इंग्रजांनी, या भांडणाचा खरा फायदा असा, की त्यात आपण कोणीच नसतो. आरोपी मेलेले, गुन्हा जुना. माळढोक मात्र आज, आपल्या देखत, आपल्या विजेच्या तारांना धडकून आणि आपल्या जमिनीच्या व्यवहारांपायी संपतो आहे. उद्या त्याच्यावरून भांडण झाले तर आरोपींच्या यादीत आपली नावे असतील.

जहांगीरने केलेली हत्या मला पटत नाही. पण त्याने हिशेब लपवला नाही, म्हणून चारशे वर्षांनी त्याला जाब विचारता येतो, आणि या भूमीवर काय काय होते हेही कळते. आपल्या पिढीचा हिशेब कोण ठेवते आहे? वाचकांना माझी एक विनंती आहे. घरात सत्तरीच्या पुढची आजी, नाना, चाचा कोणी असतील तर त्यांच्याजवळ बसा. त्यांच्या लहानपणी गावच्या माळावर, ओढ्यात, शेतात कोणते प्राणी-पक्षी होते, कुठे दिसत, कधीपासून दिसेनासे झाले, हे विचारा. गावाचे नाव आणि अंदाजे साल घालून लिहून ठेवा, आणि जमले तर मला पाठवा. मी या सुट्टीत आमच्या गावापासून सुरुवात करतो आहे.